एकट्यानं गायला लावलं की मुलांचा सूर का सुटतो, आणि त्यात शिक्षकानं काय शिकायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विशारद झालात, कोल्हापुरात राजारामपुरीत घरीच गायनाचा क्लास काढून दीड वर्ष झालं, दोन बॅच मिळून १९ मुलं आहेत. परीक्षेला बसतात, पासही होतात, पण एकट्याला गायला सांगितलं की सूर सुटतो नाहीतर सम (तालाची पहिली मात्रा) चुकते. शिक्षिका म्हणून आपण पुढं चाललोय की तेच ते घोळवतोय हे कळत नाही. तेव्हा आता अलंकार (विशारदच्या पुढची परीक्षा) करावं, कार्यशाळा कराव्यात, की पुन्हा गुरूंकडं तालमीला बसावं?

तिन्ही गोष्टी चांगल्या आहेत, पण तुमची अडचण त्यातल्या एकीनंही थेट सुटणार नाही. ‘एकट्याला गायला सांगितलं की’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, आणि सगळी मेख तिथंच आहे. म्हणजे एरवी मुलं एकटी गातच नाहीत. तुमचा आवाज, पेटी आणि शेजारी बसलेली एखादी बऱ्या गळ्याची मुलगी, या तिघांना धरून ती गातात. वर्ग सुरात वाटतो, प्रत्यक्षात एक-दोन मुलं सुरात असतात. शिक्षकाचा कान तयार व्हायचा तर त्याला एकेक गळा वेगळा ऐकायला मिळायला हवा, आणि तुमच्या वर्गाच्या आत्ताच्या बसवणुकीत तो मिळत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच सांगतो. मुलं आठ-दहा वर्षांची आहेत की नववी-दहावीतली, आठवड्याला एकदा येतात की दोनदा, घरी पेटी किंवा तंबोऱ्याचं अ‍ॅप आहे का, आणि क्लासवर तुमचं घर चालतं का, यानुसार खालच्या आकड्यांत फरक करावा लागेल. तुम्ही लिहिलं नसल्यानं आठवड्याला दोन वेळा, एकेक तास, असं धरतो.

आधी साधा हिशोब. दहा मुलांच्या बॅचमध्ये तासातली ३० मिनिटं एकेकट्याला दिली, तरी प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. महिन्याला आठ तास धरले तर २४ मिनिटं. बॅच सहाची केली तर तेच ४० होतात. घरंदाज तालमीत गुरू शिष्याचा गळा रोज ऐकायचा, त्यामुळं चूक जागच्या जागी पकडली जायची. १९०१ साली लाहोरला विष्णु दिगंबर पलुसकरांनी गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हापासून वर्ग, पायऱ्यापायऱ्यांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा ही चौकट रूढ होत गेली. तिच्यामुळं गाणं सामान्य घरांत पोचलं, आज तुमच्या-माझ्याकडं मुलं येतात ती त्यामुळंच. पण रोज एकाचाच गळा ऐकण्याची सोय त्यात कमी झाली, ती आपल्याला मुद्दाम भरून काढावी लागते.

त्यासाठी मी साखळी वापरतो. तीनतालाचा ठेका मिनिटाला ९६ मात्रांवर लावला की एक आवर्तन, म्हणजे १६ मात्रांची एक फेरी, बरोबर दहा सेकंदांचं होतं. मुलं ओळीत बसवायची. पहिल्यानं स्थायी (बंदिशीचा पहिला भाग) एक आवर्तन गायची, ठेका न थांबवता दुसऱ्यानं उचलायची, मग तिसऱ्यानं. दहा मुलं एक मिनिट ४० सेकंदांत होतात, म्हणजे दहा मिनिटांत प्रत्येकाची सहा वेळा एकट्यानं पाळी येते. या दहा मिनिटांत तुम्ही गायचं नाही, पेटीला हात लावायचा नाही आणि कुणाला मध्येच थांबवायचं नाही. फक्त ऐकायचं. पहिले चार-पाच तास हे भयानक वाटेल. पालक बाहेरच्या खोलीत बसत असतील तर जरा जास्तच. चालू द्या.

आता पेटी. बहुतेक नवे शिक्षक प्रत्येक ओळ पेटीवर वाजवत वाजवत शिकवतात. त्यानं दोन नुकसानं होतात. एक म्हणजे मूल स्वर मनात आधी ऐकत नाही, पेटीचा आला की त्यावर उडी मारतं. ही उडी इतकी झटपट असते की तुम्हाला ती कळत नाही, पेटी काढली की कळते. दुसरं नुकसान सुरातच आहे. बाजारातल्या साध्या पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (लागूनच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट). पंचमात हा फरक जेमतेम दोन सेंटचा आहे, म्हणून पंचम कुणाला खटकत नाही. पण भूप-यमनात मुलं पेटीचा गंधार घोकतात आणि तंबोऱ्यावर बसवलं की गोंधळतात. आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दारच बंद ठेवलं होतं. एवढ्या टोकाला आपण जायचं कारण नाही. तंबोरा चालू ठेवून ओळ गळ्यानं सांगा, मुलाला एकट्याला म्हणू द्या, आणि शेवटी तो ज्या स्वरावर थांबला तेवढाच स्वर पेटीवर दाखवून ताडा. म्हणजे पेटी आधाराची न राहता पडताळ्याची होते.

तंबोरा अ‍ॅपचा चालेल, पण शक्य झालं तर खरा घ्या. आपल्याला मिरज जवळ आहे, पन्नासेक किलोमीटर, सतारमेकर गल्लीत जाऊन स्वतःच्या पट्टीला लावून बघता येतो. बायकी तंबोराच घ्या. पुरुषी तंबोरा काळी एक-दोनच्या (पेटीच्या सप्तकातली पहिली-दुसरी काळी पट्टी) आसपास बोलतो, तो ओढून काळी चार-पाचला चढवला तर तारा तुटतात आणि जवारीही (तारेचा घुमणारा झंकार) नीट उघडत नाही. मोठ्या मुलांना तो लावायलाही शिकवा: आधी जोडाच्या (मधल्या, सा च्या) दोन तारा, मग खर्ज (खालचा सा), मग पंचम. बारीक फरक खुंटीनं काढत बसू नका, तारेत ओवलेल्या मणक्यानं काढा. तारेखालचं सूत घोडीवर किंचित पुढं-मागं सरकवत जवारी कुठं उघडते ते मुलांनी स्वतः शोधलं पाहिजे. पंधरा मिनिटं मोडतात, पण कान तयार करायला याच्याइतका दुसरा चांगला उपाय मला माहीत नाही.

यापुढचा भाग जरा नीट वाचा, कारण शिक्षक म्हणून तुमची वाढ दिसेल ती इथं. ‘बेसूर झालं’ एवढंच म्हटल्यानं मुलाच्या हाती काही लागत नाही. कसं बेसूर झालं ते सांगता यायला हवं.

सूर लागताना खाली लागतो आणि अर्ध्या सेकंदात वर सरकून बसतो, असं असेल तर गळा ठीक आहे, मूल स्वर आधी मनात धरत नाही. अशा मुलाला गायच्या आधी दोन मात्रा गप्प राहायला लावा. स्वर मनात ऐकायचा, मग तोंड उघडायचं. सूर नीट लागतो पण ओळीच्या शेवटी उतरतो, तर दम कमी पडतोय. ओळ तोडून द्या, श्वासाची जागा ठरवून द्या, आणि ‘जोरात गा’ म्हणू नका. जोर लावला की दम आणखी लवकर संपतो. आकारात उतरतो आणि ‘ई’वर चढतो, तर बहुधा जबड्याचा आणि जिभेचा प्रश्न आहे. तोच पलटा (ठराविक क्रमानं स्वर घोटायचा सराव) आधी बंद ओठांनी गुणगुणायला लावा, मग हळूच आकार उघडायला सांगा. फक्त वरच्या सा-रे वर किंचाळतो, तर चूक मुलाची नसेल, पट्टीची असेल.

एखादा ठराविक स्वरच चुकत असेल तर षड्ज-पंचम भावाचा, म्हणजे सा ते प एवढ्या अंतरावरच्या जोडीचा, उपयोग होतो. यमनात मुलांचा तीव्र मध्यम पंचमाकडं घसरतो, कारण पंचम शेजारीच आहे आणि ओढून घेतो. तिथं ‘ग म प’ शंभर वेळा घोकून घसरण पक्की होते. त्याऐवजी मंद्र (खालच्या सप्तकातला) निषाद लांब धरायला लावा आणि त्यावरून सरळ तीव्र मध्यम घ्यायला सांगा. नी ते तीव्र म हे सा ते प एवढंच अंतर आहे, त्यामुळं कानाला ओळखीचं वाटतं. गंधार हलत असेल तर ग-नी, भूपात धैवत हलत असेल तर रे-ध. दुर्गा शिकवताना मध्यमावरून तार सा घ्यायला लावा, मध्यम जागेवर बसतो. एका तासाला एकच जोडी पुरे.

आणखी एक, सगळ्या वर्गाचा मिळून होणारा दोष. बंदिश सुरू केली तेव्हा सा जिथं होता, तिथं तो पाच मिनिटांनी राहत नाही, सगळे मिळून खाली येतात. बंदिश संपली की तंबोरा बंद करून सगळ्यांना सा म्हणायला सांगा आणि मग पेटीवर ताडा. आठवड्यातून एकदा केलं तरी मुलं स्वतःच सावध होतात, त्यांना त्याचा खेळ वाटतो.

पट्टीबद्दल. आठ ते अकरा-बारा वर्षांच्या मुलामुलींना काळी चार ते काळी पाच बहुधा सोयीची पडते, पण गृहीत धरू नका. मुलाचा सर्वांत खालचा स्थिर स्वर शोधा. लहान मुलाला मंद्र नी ते तार रे एवढं आरामात मिळेल असा सा ठेवा, मंद्र पंचमाचा हट्ट नको. बारा ते पंधराच्या दरम्यान मुलग्यांचा आवाज फुटतो आणि साधारण सप्तकभर खाली जातो. त्या काळात त्याला मुलींच्या पट्टीत ओढू नका आणि घरीही बसवू नका. मधले चारपाच स्वर जे लागतात तेवढ्यावर पलटे द्या, लयीचं काम द्या, बोल पढायला लावा, आणि दर महिन्याला सा पुन्हा तपासा. आवाज स्थिरावला की मंद्र पंचम नीट लागेल तिथं सा ठेवायचा, बहुतेकांचा काळी एकच्या आसपास येतो. क्लास सोडणारी मुलं बरीचशी याच वयातली असतात, आणि बाकीच्यांसमोर आवाज चिरकल्याची लाज हे त्यांचं खरं कारण असतं. ते कुणी बोलून दाखवत नाही.

सम चुकण्याचं कारण बहुधा एकच असतं: मुलानं बंदिश चालीनं पाठ केलेली असते, मात्रेनं नाही. आधी हातानं टाळी-खाली देत ठेक्याचे बोल म्हणायला लावा. मग त्याच टाळीवर बंदिशीचे शब्द, बिनसुराचे. कोणत्या मात्रेवरून मुखडा उचलतो आणि कोणतं अक्षर समेवर पडतं हे मुलानं बोलून दाखवल्याशिवाय गायला सुरुवात नको. तीनतालात मुलं हमखास घाई करतात ती खालीच्या (टाळी न देता हात उघडतो त्या) भागात. दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्गा गप्प असतो, खालचा घुमारा गेला की मुलांना जमीन सरकल्यासारखं होतं आणि ती पळतात. तेवढ्या चार मात्रांवर मुद्दाम हात जड ठेवायला शिकवा. लय ९६ वर पक्की झाली की १२० कडं न जाता आधी ७२ वर आणा. सावकाश लयीत चोरी लपत नाही. विलंबिताची घाई नको, पण वेळ येईल तेव्हा एकतालाचं (१२ मात्रांचं) आवर्तन २४ सेकंदांचं ठेवून सुरुवात करा, म्हणजे मिनिटाला ३० मात्रा. थेट ४८ सेकंदांवर टाकलं तर मुलं मात्रा मोजत बसतात, गात नाहीत.

आता तुमच्याबद्दल. पंधरवड्यातून एकदा अख्ख्या तासाचं ध्वनिमुद्रण करा. फोन पेटीशेजारी ठेवू नका, मुलांच्या मागच्या रांगेत ठेवा, म्हणजे मागच्या मुलाला काय ऐकू येतं ते कळेल. पालकांना आधी सांगा आणि ते कुठं टाकू नका, स्टेटसलाही नाही. मग कागदावर चार रकाने आखा: मी बोलले, मी गायले, सगळे मिळून गायले, एकजण गायलं. दर अर्ध्या मिनिटाला एक खूण. तासाच्या १२० खुणा होतात. बेरीज केली की कुठल्याही कार्यशाळेपेक्षा जास्त कळतं. पुढच्या महिन्यात फक्त चौथा रकाना वाढवायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही. दुसऱ्यांदा ऐकताना बघा की चूक झाल्यावर तुम्ही नेमकं काय केलंत: मुलाला पुन्हा म्हणायला लावलं, की स्वतःच गाऊन पुढं गेलात? दुसरं फार होतं, आणि ते प्रेमापोटी होतं.

शिवाय एक वही. प्रत्येक मुलाला दोन पानं. तास संपल्यावर पाच मिनिटांत तारीख, आज कोणती एक चूक पकडली, कोणता उपाय दिला. ‘छान गायली’ असलं लिहू नका, त्याचा सहा महिन्यांनी काही उपयोग नसतो. ‘ग ओळीच्या शेवटी उतरतो, श्वास दुसऱ्या शब्दानंतर’ असं लिहा. दर तीन महिन्यांनी त्याच पट्टीत तीच बंदिश मुद्रित करून ठेवा.

तुमच्या तीन पर्यायांकडं वळतो. कॉलेजात शिकवायचा विचार असेल तर एमए आणि नेट किंवा सेट लागेल, मग शिवाजी विद्यापीठाच्या संगीत विभागात आधी चौकशी करा. तसा विचार नसेल तर अलंकार स्वतःच्या गाण्यासाठी करा, त्यानं शिकवणं आपोआप सुधारेल ही अपेक्षा ठेवू नका. कार्यशाळा निवडताना एकच विचारा: तिथं अनोळखी मुलाला समोर बसवून शिकवून दाखवणार आहेत का? दाखवणार असतील तर जरूर जा, नुसतं व्याख्यान असेल तर श्रोता म्हणून जा. कोल्हापुरातल्या एखाद्या जाणत्या तबलावादकाच्या वर्गात परवानगी काढून कोपऱ्यात बसणं हे त्याहून स्वस्त आणि मला जास्त उपयोगी वाटतं. तबल्याचे गुरू एकच कायदा (तबल्यावर विस्तारायची बोलांची रचना) एकेकाकडून कसा वाजवून घेतात, ते गाणाऱ्यांनी बघावं.

तालीम मात्र सोडू नका, आणि तिचा एक वेगळा उपयोग करून घ्या. महिन्यातून एकदा तुमचा एखादा विद्यार्थी गुरूंकडं घेऊन जा आणि गुरूंच्या समोर त्याला तुम्ही शिकवा. त्यांनी मुलाला नाही, तुम्हाला टोकावं. स्वतःचा रियाज क्लासच्या आधी करा. दिवसभर मुलांच्या पट्टीत ओरडून झाल्यावर रात्री खर्ज लागत नाही, आणि लागल्यासारखा वाटला तरी त्यात घासलेला आवाज असतो. दोन बॅचच्या मध्ये दहा मिनिटं अजिबात बोलू नका.

ऐकण्याच्या बाबतीत आपल्या गावासारखी सोय थोड्या ठिकाणी आहे. गायन समाज देवल क्लब १८८३ पासूनचा. शाहू महाराजांच्या आश्रयानं अल्लादिया खाँसाहेब इथं राहिले आणि जयपूर-अत्रौली गायकी इथं रुजली. मुलांना मैफलीला न्याच, पण लहान मुलांना तासाभराचा ख्याल पेलत नाही. जुन्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या आहेत, त्या वर्गात ऐकवा. केसरबाई केरकरांची १९७७ च्या व्हॉयेजर या अंतराळयानांवर गेलेली भैरवी तशीच छोटी आहे, अंतराळात गेलेलं गाणं म्हटल्यावर मुलं कान टवकारतात. ऐकवताना प्रत्येक वेळी एकच काम द्या: सम किती वेळा आली ते बोटांवर मोजा, किंवा श्वास कुठं घेतला तिथं हात वर करा. ‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘छान’ एवढंच उत्तर येतं.

गणपती, नवरात्र, गॅदरिंग यांसाठी गाणी बसवून द्यायचा आग्रह होणारच. सरसकट नाही म्हणू नका, कोल्हापुरात ते चालतही नाही. मात्र गाणं चालू रागाच्या जवळचं घ्या, मुलाच्या पट्टीत घ्या, आणि तासाची शेवटची दहा मिनिटंच त्याला द्या. कराओके टाळा, ट्रॅकची पट्टी मोठ्या गायकाची असते आणि मूल तिच्यामागं गळा ताणत जातं. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी वाढलं की तास बुडतात. तेव्हा तंबोरा दुसऱ्या फोनवर लावून अर्ध्या मिनिटाचा एकच पलटा ध्वनिसंदेशानं मागवा. या दिवसांत दमटपणानं तबल्याची पुडी सैल पडून सूर उतरतो, तेव्हा गाणं सुरू करण्यापूर्वी तबला तंबोऱ्याशी जुळवून घ्या, नाहीतर ठेक्यासाठी अ‍ॅप वापरा.

१९ मुलांच्या दोन बॅच मोडून तीन करा, ६, ६ आणि ७. आठवड्याला तुमचे दोन तास वाढतील, त्याप्रमाणं फी थोडी वाढवावी लागली तर ‘प्रत्येकाला एकट्याला गायचा वेळ जवळजवळ दीडपट होणार’ असं पालकांना आकड्यात सांगा, ते समजून घेतात. वाटणी परीक्षेच्या पायरीनुसार न करता पट्टीनुसार करा. प्रारंभिक आणि प्रवेशिकेची मुलं एका बॅचमध्ये आली तरी पलटे आणि साखळी एकत्र चालते, पण काळी पाचची मुलगी आणि आवाज फुटलेला मुलगा एका सा वर बसवता येत नाहीत. जूनला नवी मुलं येतात, त्याआधी मे महिन्यात सगळ्यांचा सा एकदा तपासून बॅच लावून टाका.